पिशवीचं वय आणि बीजाचं वय

सांगली-मिरजेकडं सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की घरातली माणसं त्यात एकच आकडा शोधतात. 'एंडोमेट्रिअम', म्हणजे गर्भाशयाचं अस्तर, या शब्दापुढचे मिलिमीटर. ते पाच-सहा निघाले की निदान तिथंच, दवाखान्याच्या पायरीवर होतं: पिशवी बारीक आहे. बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर आणखी एक वाक्य जोडलं जातं, पिशवीचं वय झालं. मग अस्तर वाढवायच्या गोळ्या, कुणीतरी सांगितलेला काढा, पिशवी धुऊन घेणं, नवस. यात वर्ष-दोन वर्षं सहज निघून जातात.

मी या भागात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. ही निघून गेलेली वर्षं फाईलच्या रूपानं रोज माझ्या टेबलावर येतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तेवढ्या काळात ज्या गोष्टीचं खरंच वय होत होतं तिच्याकडं कुणी पाहिलेलंच नसतं. वयाचा पहिला आणि मोठा फटका बसतो तो अंडाशयातल्या स्त्रीबीजांना. गर्भाशयाच्या अस्तरावरही वयाचा परिणाम होतो, पण उशिरा होतो, निराळ्या तऱ्हेनं होतो, आणि पुष्कळदा त्यावर काहीतरी करता येतं.

गर्भाशय म्हणजे साधारण मुठीएवढा, जाड स्नायूंचा अवयव. आतून त्याला मऊ अस्तर असतं, तेच एंडोमेट्रिअम. या अस्तराचे दोन थर. वरचा थर दर महिन्याला वाढतो आणि दिवस राहिले नाहीत तर पाळीच्या रक्ताबरोबर बाहेर पडतो. स्नायूला चिकटलेला तळाचा थर जागेवर राहतो आणि पुढच्या महिन्याचं नवं अस्तर त्यातूनच उगवतं. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदारांना हे लगेच कळेल. एप्रिलच्या खरड छाटणीत जुन्या काड्या काढून टाकतात, ओलांडा ठेवतात, आणि नवी फूट ओलांड्यावरून येते. ओलांडा शाबूत आहे तोवर वेल दरवर्षी फुटते. तळाचा थर हा अस्तराचा ओलांडा. तिथं नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळपेशी असतात, आणि त्यांच्या जोरावर हे अस्तर बाईच्या आयुष्यात चारशेच्या आसपास वेळा गळून पुन्हा उभं राहतं, तेही व्रण न ठेवता.

आता त्या मिलिमीटरांबद्दल. पाळी संपताना अस्तर 2 ते 4 मिलिमीटरच असतं. मग अंडाशयातून येणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली ते वाढत जातं, आणि अंडं, म्हणजे स्त्रीबीज, फुटायच्या सुमारास 8 ते 12 मिलिमीटरपर्यंत पोचतं. सोनोग्राफीत तेव्हा त्यात तीन रेघा स्पष्ट दिसतात. अंडं फुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक सुरू होतं. त्यानं जाडी फारशी वाढत नाही, अस्तराचा स्वभाव बदलतो: ग्रंथी भरतात, रक्तवाहिन्या वळणदार होतात, पेशी फुगून गर्भाला धरून ठेवण्याच्या तयारीला लागतात. अंडं फुटल्यानंतर सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास काही दिवस असे येतात की तेवढ्यातच अस्तर गर्भाला रुजू देतं. त्याच्या आधी आणि नंतर दार बंद.

म्हणजे पाळीच्या कितव्या दिवशी मोजलं हे माहीत नसेल तर जाडीच्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. पलूसकडच्या एका मुलीला 'पिशवी फार बारीक, 4 मिलिमीटर' म्हणून महिनोन्‌महिने औषधं चालू होती. रिपोर्टवरची तारीख आणि पाळीची तारीख शेजारी शेजारी ठेवली तर ती सोनोग्राफी पाळीच्या पाचव्या दिवशी झालेली. पाचव्या दिवशी 4 मिलिमीटर हे अगदी जसं असायला हवं तसं अस्तर आहे. बाराव्या-तेराव्या दिवशी पुन्हा पाहिलं तेव्हा ते साडेनऊ भरलं. रिपोर्ट घेताना त्यावर शेवटच्या पाळीची तारीख लिहून घ्या, एवढं केलं तरी निम्मा घोळ मिटेल. आणि अंडं फुटायच्या वेळी 7 मिलिमीटरच्या पुढं अस्तर असेल तर साधारणपणे ते पुरेसं धरतात. त्याहून कमी अस्तरावरही दिवस राहिलेले आहेत, शक्यता जरा घटते इतकंच.

आता बीजाकडं येऊ, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत 60 ते 70 लाख बीजं असतात. जन्मताना 10 ते 20 लाख उरतात, पहिली पाळी येईपर्यंत 3 ते 4 लाख. पुढच्या सगळ्या आयुष्यात फुटतात ती जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची आपोआप विरून जातात. गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तरी विरतात, बाळंतपणं झाली तरी विरतात, कशानंही ती साठून राहत नाहीत आणि नवीन तयारही होत नाहीत. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू रोज नव्यानं तयार होतात, बाईची बीजं मात्र तिच्याच वयाची असतात. चाळीस वर्षांच्या बाईचं या महिन्यात फुटलेलं बीज चाळीस वर्षं जुनं असतं.

संख्या घटते ही अर्धी गोष्ट. दुसरी अर्धी जास्त महत्त्वाची. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात, आणि बीज तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र त्यात राहायला हवं. ही वाटणी मुलीच्या जन्माआधीच सुरू होते आणि मध्येच थांबते. जोड्या तशाच एकमेकींना धरून वर्षानुवर्षं थांबून राहतात. ज्या महिन्यात ते बीज फुटायचं असतं त्या महिन्यात वाटणी पुढं सरकते. जोड्यांना धरून ठेवणारी प्रथिनं इतक्या वर्षांत झिजतात, बीजाला ऊर्जा पुरवणारी यंत्रणाही थकते, आणि वाटणीत चूक होते. एखादं गुणसूत्र जास्त येतं, एखादं कमी. असा गर्भ बहुतेक वेळा रुजतच नाही, पाळी नेहमीसारखी येऊन जाते. रुजला तर पहिल्या तीन महिन्यांत पडण्याची शक्यता मोठी. आणि टिकला तर बाळाला डाऊन सिंड्रोमसारखी, म्हणजे शारीरिक-बौद्धिक वाढ मंद राहण्याची, अवस्था असू शकते.

आकडे सांगते, कारण ते माहीत असायला हवेत. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात गर्भ तपासले तर तिशीच्या आसपासच्या बायकांमध्ये साधारण पाव हिस्सा गर्भांत गुणसूत्रांची चूक सापडते, चाळिशीत निम्म्याहून जास्त, आणि 44-45 व्या वर्षी दहातल्या आठ-नऊ गर्भांत. पंचविशी-तिशीच्या दरम्यान दहा गरोदरपणांत एखादं पडतं, चाळिशीत तीनातलं एक, पंचेचाळिशीनंतर निम्म्याहून अधिक. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता आईच्या 25 व्या वर्षी साडेबाराशेत एक, 35 व्या वर्षी साडेतीनशेत एक, 40 व्या वर्षी शंभरात एक. तिशीच्या आतल्या निरोगी जोडप्याला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता वीस ते पंचवीस टक्के असते, चाळिशीत ती पाच टक्क्यांवर येते. 'माझी पाळी अजून अगदी वेळेवर येते' असं चाळिशीतल्या बायका मला विश्वासानं सांगतात. पाळी वेळेवर येणं चांगलंच, पण तिच्यावरून बीजाची प्रत कळत नाही. शिवाय आपल्याकडं पाळी जाते ती सरासरी 46-47 व्या वर्षी, पाश्चात्त्य देशांत 51 च्या आसपास. तिकडच्या बातम्या वाचून आपलं वेळापत्रक ठरवू नये, आपल्याकडचा वेळ चार-पाच वर्षांनी कमीच आहे.

दोष बीजाचा की अस्तराचा, हे खात्रीनं कसं कळलं? दुसऱ्याचं बीज वापरून. तरुण बाईचं बीज घ्यायचं, त्यापासून गर्भ तयार करायचा आणि तो वयस्क बाईच्या गर्भाशयात सोडायचा. अस्तर म्हातारं झालं असेल तर हा गर्भ रुजायला नको. 1990 आणि 1991 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी चाळिशी ओलांडलेल्या बायकांमध्ये हे करून पाहिलं, आणि दिवस राहण्याचं प्रमाण तरुणींच्या बरोबरीचं आलं. आपल्याकडंही, 1986 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवून आणणाऱ्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी 1991 मध्ये दात्या बीजापासून बाळाचा जन्म घडवला. दात्या बीजाच्या उपचारात यश अवलंबून असतं ते बीज देणाऱ्या मुलीच्या वयावर. घेणारी बाई 35 ची असो की 44 ची, फरक थोडाच पडतो. पाळी गेलेल्या बाईलासुद्धा बाहेरून इस्ट्रोजेन आणि मग प्रोजेस्टेरॉन दिलं की अस्तर पुन्हा वाढतं आणि गर्भ धरतं. 2019 मध्ये आंध्रात गुंटूरला सत्तरी ओलांडलेल्या बाईंनी जुळ्या मुलींना जन्म दिला तो याच मार्गानं. डॉक्टर म्हणून मला ती बातमी वाचून आनंद झाला नाही. त्या वयात हृदयावर, रक्तदाबावर किती ताण येतो हे ठाऊक असल्यानं धास्तीच वाटली. आता 2021 च्या कायद्यानं असे उपचार घेणाऱ्या बाईसाठी 50 आणि पुरुषासाठी 55 वर्षांची मर्यादा घातली आहे, ते योग्य झालं.

मग अस्तराला वय होतच नाही का? होतं. दात्या बीजाच्याच मोठ्या नोंदी नीट पाहिल्या तर घेणाऱ्या बाईच्या 45 नंतर रुजण्याचं प्रमाण हळूहळू उतरतं, गर्भ पडण्याचं थोडं वाढतं. गुणसूत्रं तपासून निर्दोष ठरवलेले गर्भ सोडले तरी मोठ्या वयात यश किंचित कमी मिळतं. हा जो उरलेला फरक आहे तो बहुतांशी अस्तराचा, गर्भाशयाचा आणि एकूण शरीराचा.

आत काय होतं तर, काही पेशी विभागायच्या थांबतात पण मरत नाहीत, आणि आजूबाजूला सूज आणणारी रसायनं सोडत राहतात. तरुण अस्तर अशा पेशी वेळच्या वेळी साफ करतं, वयानुसार ती सफाई मंदावते. प्रोजेस्टेरॉनची हाक ऐकून पेशींनी जो बदल करायचा असतो तो अर्धवट होतो. रक्तवाहिन्या कडक होतात. तळाच्या थरातल्या मूळपेशींचा जोर ओसरतो. अस्तरातल्या काही पेशींवर बारीक केसांसारखे तंतू असतात, त्यांच्याशी संबंधित जनुकांचं काम पस्तिशीनंतर बदलतं असं 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. हे क्षेत्र अजून नवं आहे, या बदलांवर दवाखान्यात देता येईल असं औषध आज नाही. म्हणून 'अस्तर तरुण करतो' अशी जाहिरात पाहिली तर पैसे खिशात ठेवा.

दवाखान्यात जे रोज दिसतं ते याहून साधं असतं. वय वाढतं तशा गाठी होतात, म्हणजे फायब्रॉइड. मस होतात, म्हणजे पॉलिप. अस्तराचा भाग स्नायूत शिरून पिशवी जड आणि दुखरी होते, तो अ‍ॅडिनोमायोसिस. गाठीत महत्त्व आकाराला कमी आणि जागेला जास्त. पोकळीत घुसलेली दीड सेंटिमीटरची गाठ गर्भाला रुजू देत नाही, आणि बाहेरच्या अंगाला असलेली पाच सेंटिमीटरची गाठ कित्येकदा काहीच त्रास देत नाही. पोकळीतली गाठ आणि मस दुर्बिणीनं काढता येतात. चाळिशीकडं अंडं दर महिन्याला फुटेनासं होतं, प्रोजेस्टेरॉन कमी पडतं आणि अस्तर वेडंवाकडं वाढून जास्त अंगावर जातं, यालाही औषधं आहेत.

अस्तराचं खरं नुकसान मी पाहिलंय ते वयानं कमी, माणसांनी जास्त केलेलं. जतकडून एक सून आणि सासू आल्या होत्या. सून एकोणचाळिशीची. सासूबाई म्हणाल्या, "मॅडम, हिची पिशवी एकदा धुऊन घ्या की. आमच्या गावात एकीची धुतली आन् तिसऱ्या महिन्यात दिवस गेलं तिला."

"याआधी धुतली होती का कधी?"

"दोनदा धुतली."

सून खालमानेनं म्हणाली, "तीनदा, आत्ती. लग्नानंतर पयल्यांदा पोटातलं पडलं तवा बी केल्ती."

मी तिला विचारलं, पाळीला किती दिवस जातं? "आधी चार दिवस जायचं. आता एकच दिवस, नुसता डाग लागतो."

तिच्या त्या एका वाक्यात निदान होतं. पिशवी धुणं म्हणजे क्युरेटिंग, अस्तर खरवडणं. गर्भ अर्धवट पडला असेल, रक्तस्राव थांबत नसेल, किंवा तपासणीसाठी तुकडा हवा असेल तर ते करावंच लागतं. पण दिवस राहावेत म्हणून पुन्हा पुन्हा खरवडलं तर ते खरवडणं तळाच्या थरापर्यंत पोचतं. छाटणी ओलांड्यावर चालते. मग तिथं नवं अस्तर येत नाही, पोकळीच्या भिंती एकमेकींना चिकटतात, पाळीचा स्राव कमी कमी होत जातो. दुर्बिणीत तिच्या पिशवीत तशाच चिकटलेल्या पट्ट्या दिसल्या. त्या सोडवल्या, तिची पाळी सुधारली. तरी बीज एकोणचाळीस वर्षांचं होतं, त्याला मी काय करणार? आणि त्या जाडजूड फाईलमध्ये नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा एकही कागद नव्हता. मूल न होण्याच्या प्रकरणांत साधारण निम्म्या वेळा पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर असतं. त्याची तपासणी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बिनदुखी आहे, ती पहिली व्हायला हवी. तिची पिशवी तीनदा खरवडली गेली आणि त्याला एकदाही कुणी विचारलं नाही, याचा मला अजून राग येतो.

अस्तर जाळणारं दुसरं कारण आपल्या देशात विसरून चालत नाही: क्षयरोग. तो फुप्फुसातच होतो असं नाही. गर्भनलिका आणि अस्तरातही बसतो, खोकला-तापाशिवाय गुपचूप राहतो, आणि पंचविशीतल्या मुलीचं अस्तर पन्नाशीतल्यापेक्षा वाईट करून ठेवतो. पाळी कमी होत चालली असेल, नळ्या बंद निघाल्या असतील, घरात कुणाला टीबी झाला असेल तर ही तपासणी मागून घ्या. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

पिशवीच काढून टाकणं ही या गैरसमजाची शेवटची पायरी. दर हंगामात आपल्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांतल्या कितीतरी बायकांची पिशवी ऐन तिशीत काढली गेल्याचं 2019 मध्ये उघड झालं, सरकारला समिती नेमावी लागली. पांढरं जातं, कंबर दुखते, पुढं कॅन्सर होईल, अशी भीती घालून ती काढलेली. अंडाशय ठेवले तरी पिशवी काढल्यावर त्यांचं काम सरासरीनं लवकर संपतं, हाडं आणि हृदय त्याची किंमत मोजतात. मुलं झाली म्हणून पिशवीचं काम संपलं, असं शरीर मानत नाही.

लग्नं आता उशिरा होतायत. स्पर्धा परीक्षा, भरती, नोकरी, घराचं कर्ज. मी त्याला चूक म्हणत नाही, शिकलेल्या पोरींचा मला अभिमान आहे. फक्त हिशेब माहीत असावा. वय 35 च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून मग डॉक्टरकडं या. पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांनी. चाळिशी गाठली असेल तर वाट न पाहता. पाळी अनियमित असेल, ओटीपोटात फार दुखत असेल, आधी ऑपरेशन झालं असेल तर वय कितीही असो, वाट न पाहता या. अंडाशयात किती बीजं उरलीत याचा अंदाज एएमएच या रक्ततपासणीनं आणि पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीनं येतो. एएमएच संख्या सांगतं, प्रत सांगत नाही. प्रत ठरते वयावर. 28 व्या वर्षी एएमएच कमी आलं म्हणून हताश होऊ नये आणि 41 व्या वर्षी भरपूर आलं म्हणून निश्चिंत राहू नये. बीजं गोठवून ठेवायची असतील तर ती पस्तिशीच्या आत ठेवण्यात अर्थ आहे. दात्या बीजाचा सल्ला मिळाला तर घरात रडारड होते, मी समजू शकते. पण त्या बाळाला नऊ महिने त्याच आईचं रक्त आणि त्याच आईचं गर्भाशय वाढवतं, आणि कायद्यानं ते त्याच आई-वडिलांचं मूल असतं. तंबाखू आणि मिसरी सोडा, मिसरीलाही तंबाखूच धरतात. साखर आणि थायरॉईड आटोक्यात ठेवा. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहायच्या आधीपासून सुरू करा.

आणि एक गोष्ट सुनांबरोबर येणाऱ्या सासवांसाठी. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अस्तर पातळ होतं, 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी, आणि तसंच असायला हवं. त्यानंतर कधीही अंगावर गेलं, थेंबभर डाग लागला तरी, 'परत पाळी आली' म्हणून गप्प बसू नका. बहुतेकदा कारण किरकोळ निघतं, पण काही बायकांत तो अस्तराचा कॅन्सर असतो, आणि अस्तराचा कॅन्सर लवकर सापडला तर बहुतेक बायका बऱ्या होतात. अशा वेळी अस्तराचा तुकडा काढून तपासायला सांगितलं तर नाही म्हणू नका.